झेंडावंदनाची दोरी

झेंडावंदनाच्या सकाळी सगळ्यांचे डोळे झेंड्याकडे लागलेले असतात. आदल्या संध्याकाळी कुणाचे तरी डोळे दोरीकडे असायला हवेत, एवढ्यासाठी हा लेख.

पाहुण्यांनी दोरी ओढायची, गाठ सुटायची, पाकळ्या भुरभुर खाली यायच्या आणि तिरंगा उलगडायचा. सगळे मिळून तीन-चार सेकंदांचे काम. बिघडते तेव्हा मात्र मिनिटांवर मिनिटे जातात. गाठ सुटत नाही म्हणून कुणीतरी हिसका देतो, हिसक्याने गाठ आणखी आवळते, दोरी कप्पीच्या खोबणीतून निसटते, आणि शिडी येईपर्यंत सगळी शाळा मान वर करून उभी राहते. याहून वाईट म्हणजे झेंडा उघडतो आणि वर हिरवा, खाली केशरी दिसतो. हे कुणी मुद्दाम करत नाही. आदल्या संध्याकाळची दहा मिनिटे कुणी दिलेली नसतात, एवढेच त्याचे कारण.

राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांच्याबद्दल बोलताना आपण लगेच भावनेवर येतो. ऊर भरून येतो, डोळे पाणावतात. त्या भावना खऱ्या आहेत आणि मी त्यांना कमी लेखत नाही. पण मला ध्वजाचा मान हातांत दिसतो. ज्या शिपाईकाकांनी गाठ नीट मारली, ज्या बाईंनी संध्याकाळी आठवणीने ध्वज उतरवून घेतला, ज्या मुलांनी भिजलेला ध्वज वाळवून घडी घातली, त्यांनी तो मान राखला. भाषणात काय म्हटले गेले ते त्यानंतरचे.

आधी कप्पी. स्तंभाच्या टोकावरचे ते चाक वर्षातून चारदा फिरते: प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन, आणि मराठवाड्यात १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन. मधल्या काळात ते गंजते. दोरी ओढली की चाक फिरत नाही, दोरी नुसती त्याच्यावरून घासत जाते. चाक आणि बाजूचा पत्रा यांच्यात फट पडली असेल तर दोरी त्या फटीत शिरून अडकते, आणि झेंडा अर्ध्यावर थांबण्याचे हे सगळ्यात नेहमीचे कारण. म्हणून दोरी चाकाच्या खोबणीला बेताची हवी. सहा ते आठ मिलिमीटर जाडीची, पिळाची नव्हे तर विणीची दोरी चांगली, कारण पिळाच्या दोरीला वेढे पडतात. स्तंभ वीस फुटांचा असेल तर दोरी निदान पंचेचाळीस फूट लागते. ती वर जाऊन पुन्हा खाली यायची असते आणि गाठींना थोडी शिल्लक ठेवावी लागते. ओढणाऱ्याने स्तंभाच्या अगदी जवळ उभे राहून सरळ खाली ओढावे. फोटो चांगला यावा म्हणून पाहुण्यांना चार पावले मागे उभे करतात, मग दोरी तिरकी ओढली जाते आणि नेमकी त्या फटीत जाते.

ध्वजाच्या दोरीकडच्या कडेला जाड कापडाची पट्टी शिवलेली असते आणि तिच्यातून दोरी ओवलेली असते. वरच्या टोकाला लाकडाची गुल्ली असते, ती स्तंभाच्या दोरीवरच्या फासात अडकवायची. खालचे टोक दुसऱ्या बाजूच्या दोरीला बांधायचे. गुल्ली केशरी पट्ट्याच्या बाजूला असते, आणि हे एक लक्षात ठेवले तर झेंडा उलटा होण्याची भीती जवळजवळ संपते. तरीही बाजारातल्या काही ध्वजांत शिवणारा चुकलेला असतो आणि गुल्ली हिरव्या बाजूला येते. विकत घेतानाच पाहावे आणि तसा ध्वज परत करावा.

आता घडी. स्वच्छ चादर अंथरून ध्वज त्यावर पसरायचा. उंचीच्या बाजूने निम्मा, मग पुन्हा निम्मा, म्हणजे लांबट पट्टी होते. मोकळ्या टोकाकडून दोरीच्या बाजूकडे ती सैल गुंडाळत आणायची. शेवटचे वळण घेण्याआधी मूठभर पाकळ्या ठेवायच्या. त्या कोरड्या हव्यात. झेंडूच्या ओल्या पाकळ्या रात्रभर गुंडाळीत राहिल्या की पांढऱ्या पट्ट्यावर पिवळा डाग पडतो, आणि तो खादीतून जात नाही. भरपूर पाकळ्या घातल्या तर झेंडा ओझ्याने खाली झुकून राहतो, वारा नसेल तर उघडतच नाही. मग खालची दोरी गुंडाळीभोवती एकदा, फार तर दोनदा फिरवायची आणि तिचे टोक न ओवता, दुमडलेले बिरडे खोचायचे. बुटाच्या नाडीला एका बाजूचे फूल काढतो, अगदी तसे. टोक ओवले की ती पक्की गाठ झाली, बिरडे खोचले की झटक्यात सुटणारी. बांधून झाल्यावर जमिनीवरच एकदा ओढून पाहावे, पुन्हा बांधावे आणि मगच वर चढवावे.

आपल्याकडे या गाठीचे खरे शत्रू पावसात भेटतात. २६ जानेवारीला थंड, कोरडी हवा असते, दोरी हलकी असते, गाठ सहज सुटते. १५ ऑगस्ट श्रावणाच्या तोंडावर किंवा श्रावणातच येतो. सुती दोरी पाण्याने फुगते आणि लांबीला आखडते. संध्याकाळी बेताची बांधलेली गाठ सकाळपर्यंत स्वतःहून आवळली जाते. जानेवारीत ज्या हातांनी, ज्या पद्धतीने बांधले ते ऑगस्टमध्ये अडकते, आणि बांधणाऱ्याला कळत नाही की चूक काय झाली. म्हणून पावसाळ्यात झेंडा रात्री चढवून ठेवू नये, पहाटे बांधावा. नायलॉनची दोरी फुगत नाही, पण गुळगुळीत असल्याने बिरडे तिच्यावर आपोआप सरकते आणि प्रमुख पाहुणे फाटकातून आत येत असतानाच झेंडा उघडतो. नायलॉनच वापरायची तर बिरडे जरा लांब खोचावे.

इथे माझे एक ठाम मत आहे. १५ ऑगस्टला गाठ बांधूच नये. स्वातंत्र्य दिनी ध्वज खालून वर चढवायचा आणि प्रजासत्ताक दिनी वर बांधलेला ध्वज उलगडायचा, असा भेद सांगितला जातो. पहिले ध्वजारोहण, दुसरे ध्वज फडकवणे. बहुतेक शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती दोन्ही दिवशी गाठच बांधतात, कारण पाकळ्या पडताना छान दिसतात. पण उघडा ध्वज खालून वर चढताना पाहणे ही वेगळी गोष्ट आहे. ध्वजसंहिता सांगते की ध्वज चपळाईने वर न्यावा आणि उतरवताना सावकाश, सन्मानाने उतरवावा. तो चपळ चढता झेंडा मुलांनी पाहायला हवा. आरोहण या शब्दाचा अर्थ त्यांना तिथे डोळ्यांनी कळतो. आणि पावसाच्या दिवशी अडकायला गाठच उरत नाही.

ध्वज अर्ध्यावर उतरवण्याचीही एक रीत आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. दुखवट्यात ध्वज थेट अर्ध्यावर चढवायचा नसतो. आधी तो पूर्ण टोकापर्यंत न्यायचा, क्षणभर थांबायचे, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही आधी पुन्हा टोकाला नेऊन मग खाली घ्यायचा. ही रीत मला फार आवडते. माणूस गेल्याचे दुःख सांगण्याआधी ध्वज एकदा आपल्या पूर्ण उंचीवर जाऊन येतो.

मापांबद्दल आपण ढिले आहोत. ध्वजाची लांबी आणि उंची यांचे प्रमाण ३:२, आणि प्रमाणित आकार नऊ. सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० × १००, जो टेबलावर ठेवतात. मोटारीवरचा २२५ × १५०, आणि तो लावण्याचा अधिकार ठरावीक पदांपुरताच आहे. शाळा-सोसायटीच्या कामाचे आकार तीनच: ९०० × ६००, १३५० × ९०० आणि १८०० × १२००. ध्वजाची लांबी स्तंभाच्या उंचीच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी असली की डोळ्यांना बरी दिसते. वीस फुटांच्या स्तंभाला १३५० × ९०० शोभतो.

अशोकचक्राचा व्यास प्रत्येक आकाराला ठरवून दिलेला आहे, आणि खरा ध्वज ओळखायची ती सोपी खूण आहे. ९०० × ६०० च्या ध्वजात पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्र १८५ चे. म्हणजे वर-खाली जेमतेम साडेसात मिलिमीटर पांढरे उरते. चक्र पट्टा जवळजवळ भरून टाकते. बाजारातल्या घाईच्या ध्वजांत चक्र नाण्यासारखे मधोमध बसलेले दिसते, चोहोबाजूंनी भरपूर पांढरे. आरे २४ हवेत. मोजले तर कधी वीस भरतात, कधी सोळा. रंग गडद निळा हवा, काळा नाही. शिवताना कापड ताणले गेले असेल तर चक्र लंबगोल होते. आणि ते दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसायला हवे. एका बाजूने छापून दुसरीकडे पुसट सावली उमटली, हे चालत नाही.

याच मापांमुळे फाटलेल्या ध्वजाचा एक प्रश्न उभा राहतो. वाऱ्याने आधी मोकळ्या टोकाचे धागे सुटतात, कारण तिथे कापड सतत फटके खाते. शिंपी सांगतो, दोन इंच कापून पुन्हा दुमडून देतो. ९०० मिलिमीटरचा ध्वज ८५० चा झाला की ३:२ मोडले आणि चक्रही मध्यावरून सरकले. फाटका ध्वज फडकवू नये हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. कापून नीट केलेला ध्वजही राष्ट्रध्वज राहिलेला नाही, हे कुणी सांगत नाही.

शहराशहरांतून उभे राहिलेले शंभर-दोनशे फुटी स्तंभ मला याच कारणाने पटत नाहीत. कापडावरचा वाऱ्याचा जोर कापडाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढतो आणि वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते ऑगस्ट जो वारा असतो त्यात एवढा मोठा ध्वज टिकत नाही. मग तो उतरवून ठेवावा लागतो आणि ऐन स्वातंत्र्य दिनाच्या आधीचे कित्येक आठवडे तो प्रचंड स्तंभ रिकामा उभा राहतो. शाळेतल्या वीस फुटी स्तंभाची काळजी दोन माणसे घेऊ शकतात. माझ्या मते ध्वज इतकाच मोठा असावा.

कापडाची गोष्ट थोडी दुखरी आहे. १९३१ साली काँग्रेसने स्वीकारलेल्या तिरंग्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने आजचा ध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या स्तंभावरचे चक्र आले आणि गांधीजींना ते लागले. चरखा चित्रातून गेला, पण पुढची चौऱ्याहत्तर वर्षे तो कापडात राहिला, कारण ध्वज हातकताईच्या, हातमागावरच्या खादीचाच असावा असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरचे कापड आणि पॉलिएस्टर चालू लागले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये घरावर दिवस-रात्र ध्वज ठेवायची मुभा मिळाली. त्याआधी सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच काळ होता.

ध्वज स्वस्त झाला, घरोघरी गेला, याचा मला आनंद आहे. सामान्य नागरिकाला रोज आपल्या घरावर तिरंगा लावता यावा हा हक्क सहज मिळालेला नाही. २००२ ची ध्वजसंहिता येईपर्यंत त्यावर बंधने होती, आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सन्मानाने ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. पण कापड म्हणून विचाराल तर मी खादीच्या बाजूचा. पॉलिएस्टर हलके, झुळकीवरही फडफडते, भिजले तर लवकर वाळते. खादी जड, तिला वारा लागतो, पावसात ती स्तंभाला चिकटते. तरी खादीचा ध्वज वाऱ्यावर हळू, भरदार लाटा घेतो आणि पॉलिएस्टरचा थरथरतो. आणि खादी कुणाच्या तरी हातून आलेली असते.

ते हात आपल्याला जवळचेही आहेत. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला ध्वज तयार होतात हे पुष्कळांना माहीत असते, पण आपल्या नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीही राष्ट्रध्वज तयार करते. १९४७ साली नांदेड निजामाच्या राज्यात होते. बाकी देशात १५ ऑगस्टला तिरंगा चढला तेव्हा त्या राज्यात तो हातात धरणाऱ्यांना तुरुंगाची वाट होती. त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. त्याच नांदेडात आज ध्वज शिवले जातात. मराठवाड्यातल्या शाळांनी तरी आपला ध्वज तिथूनच घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्राच्या मातीत ध्वजासाठी नुसते चालण्याचीही शिक्षा झालेली आहे. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. मागणी एवढीच होती की झेंडा हातात घेऊन सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावरून जाऊ द्या. जमनालाल बजाजांना अटक झाली, मग वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले, देशभरातून आलेल्या तुकड्या रोज झेंडा घेऊन निघत आणि रोज पकडल्या जात. ऑगस्टमध्ये अखेर त्या रस्त्यावरून झेंडा गेला. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर गोळीबार झाला, त्यात हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार गेला. वय वर्षे पंधरा, म्हणजे आज ज्या मुलांना आपण झेंडावंदनाला रांगेत उभे करतो त्यांच्यापैकीच कुणाचे तरी.

पुण्यात केसरीवाड्यात आणखी जुना एक ध्वज जपून ठेवला आहे, क्रांतिकारक मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीत स्टुटगार्टला उलगडलेला. त्याच्या मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ लिहिलेले आहे. आजच्या ध्वजावर एकही अक्षर लिहायला परवानगी नाही, आणि ते योग्य आहे. त्या वेळी आपण कोण हे जगाला सांगायला शब्दांची गरज होती. आता तिथे मंडळाचे नाव, पक्षाची घोषणा, ‘शुभेच्छुक’ असे काही लिहिणे म्हणजे सगळ्यांची वस्तू आपल्या नावावर करणे.

राष्ट्रगीताकडे वळतो. त्यात जे बिघडते तेही बहुतेक वेळा पहिल्या सुरातच बिघडलेले असते.

‘जन गण मन’ पहिल्यांदा गायले गेले २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात. रवींद्रनाथांच्या मूळ रचनेत पाच कडवी आहेत, त्यातले पहिले २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत झाले. पूर्ण गायला सुमारे ५२ सेकंद लागतात. पहिली आणि शेवटची ओळ घेऊन होणारे संक्षिप्त रूप सुमारे २० सेकंदांचे. हे बावन्न सेकंद शाळाशाळांत सव्वा मिनिटापर्यंत ताणले जातात. सावकाश गाणे म्हणजे आदर, अशी समजूत त्यामागे असते. खरे तर हे गीत चालते आहे. ओढले की प्रत्येक ‘हे’ लोंबकळतो, श्वास पुरत नाही आणि शेकडो आवाज वेगवेगळ्या जागी तुटतात. आदल्या दिवशी मोबाइलवर वेळ लावून एकदा गाऊन पाहावे. ५० ते ५५ सेकंदांत बसले की छान.

स्वरांचा पल्ला मंद्र निषादापासून (खालच्या सप्तकातला ‘नी’) तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातला ‘सा’), म्हणजे सप्तकापेक्षा किंचित अधिक. खालचा निषाद ‘भाग्यविधाता’पाशी लागतो आणि तार षड्ज शेवटच्या तीन ‘जय हे’पैकी पहिल्याला. सुरुवात करणारे बाई किंवा सर उत्साहात षड्ज फार वर धरतात. पहिल्या ओळी झोकात जातात आणि त्या ‘जय हे’ला मुलांचे आवाज फाटतात, मोठ्यांचे गप्प होतात. उलट फार खाली धरले तर ‘विधाता’ ऐकूच येत नाही. स्त्री-पुरुष, लहान-थोर सगळे एकत्र असतात तेव्हा पेटीची पांढरी एक किंवा काळी एक पट्टी हा षड्ज सगळ्यांना झेपतो: बायका-मुले वरच्या सप्तकात, पुरुष खालच्या. पेटीवर सूर देऊन तो दोन सेकंद ऐकू द्यावा, मग सुरुवात. बँड असेल तर सरकारी आदेशात यासाठी फार सुंदर सोय आहे. राष्ट्रगीताआधी ढोलाची घुमक, संथ संचलनाच्या सात पावलांएवढी. हळू सुरू होऊन चढत जाते, मग उतरत जाते, सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहते, आणि एक ठोका शांतता. त्या एका रिकाम्या ठोक्यात सगळे श्वास घेतात.

शेवटचे तीन ‘जय हे’ वरून एकेक पायरी उतरतात: पहिला तार षड्जावर, दुसरा निषादावर, तिसरा धैवतावर. मग ‘जय जय जय जय हे’ खालच्या षड्जापासून पुन्हा चढते आणि मध्यमावर, म्हणजे ‘म’वर, थांबते. गीत षड्जावर येऊन संपत नाही. पहिल्या ओळीतला ‘हे’ही याच मध्यमावर आहे. म्हणून संपल्यावरही पुढे काहीतरी आहे असे वाटत राहते. या शेवटाबद्दल मला फार प्रेम आहे. कित्येक जण नकळत शेवटचा सूर षड्जावर आणून ‘संपवतात’. तो मध्यमावर उघडाच ठेवावा.

शब्दांतही थोडे लक्ष द्यावे. ‘जलधितरंग’चे मुले ‘जलदी तरंग’ करतात, कारण जलधि म्हणजे समुद्र हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. ‘उच्छल’चे ‘उत्सल’, ‘गाहे’चे ‘गाये’ होते. मराठी मुलाला ‘जागे’ आणि ‘मागे’ हे शब्द ओळखीचे वाटतात. ‘जागे’ बरोबर लागतो, पण ‘मागे’ म्हणजे पाठीमागे असे वाटून ओळ गढूळ होते. हा ‘मागे’ म्हणजे मागतो, आपल्या अभंगांतला. एवढे फळ्यावर एकदा लिहिले तर मुले वर्षभर अर्थ समजून गातील. ‘सिंध’ आता आपल्या देशात नाही म्हणून तो शब्द काढावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, ती २००५ मध्ये फेटाळली गेली. ते ठीकच झाले. गीत म्हणजे नकाशा नव्हे, आणि उल्हासनगरच्या सिंधी आजी-आजोबांना त्या एका शब्दात आपले घर भेटते.

१९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राला राज्यगीत आहे, एक मिनिट एक्केचाळीस सेकंदांचे. त्याचा बाज शाहिरी, खड्या आवाजाचा. ध्वज वर गेला की लगेच राष्ट्रगीत व्हावे, आणि त्यानंतर जरा थांबून, वेगळा षड्ज धरून राज्यगीत घ्यावे. दोन्ही एकाच दमात घेतली की दुसऱ्याचे नुकसान होते.

उभे राहण्यावरून आपल्याकडे भांडणे होतात. केरळमधल्या तीन मुलांनी धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गायले नाही, पण ती रोज आदराने उभी राहत होती. शाळेने त्यांना काढून टाकले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे करणारा २०१६ चा आदेशही न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये ऐच्छिक केला. मला दोन्ही निर्णय पटतात. कायदा गुन्हा मानतो तो राष्ट्रगीत मुद्दाम थांबवण्याला, त्यात व्यत्यय आणण्याला. न गाण्याला नाही. व्हीलचेअरवरच्या, गुडघे गेलेल्या माणसाला ‘उठा’ म्हणून ओरडणारा बावन्न सेकंदांत स्वतः किती शब्द गायला, हे मी नेहमी मोजतो.

घरच्या ध्वजाबद्दल थोडेसे. भिंतीवर आडवा लावला तर केशरी वर, हे सगळे जाणतात. उभा टांगताना केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा. इथे निम्मे लोक चुकतात. ध्वज टेबलावर अंथरायचा नाही, गाडीच्या बॉनेटवर ताणायचा नाही, कमरेखाली नेसायचा नाही. दिवस-रात्र ठेवायची मुभा आहे म्हणून गच्चीवर कायमचा सोडून द्यायचा नाही. ऑगस्टमध्ये लावलेला पॉलिएस्टरचा ध्वज दिवाळीपर्यंत उन्हाने फिका आणि टोकाला चिंध्या झालेला असतो. बांधतानाच उतरवायची तारीख ठरवावी.

जीर्ण ध्वज अखंड, खाजगीत, शक्यतो अग्नीला द्यावा असे संहितेत आहे. खादी शांतपणे जळते, राख होते, ती कुंडीत घालता येते. पॉलिएस्टर तसे जळत नाही, वितळत जाते. थेंब गळतात, काळा धूर होतो, आणि ज्या सन्मानाने हे व्हायला हवे तो राहत नाही. संहितेने ‘सन्मानाला साजेशी अन्य रीत’ अशीही मोकळीक दिली आहे. म्हणून पॉलिएस्टरचा ध्वज धुऊन, घडी घालून, कोऱ्या कापडात गुंडाळून गावात किंवा पालिकेत जिथे जमा करून घेतात तिथे द्यावा. तशी सोय नसेल तर तसाच गुंडाळून, कुणी तुडवणार नाही अशा जागी खोल पुरावा.

चांगला ध्वज ठेवून देताना आधी पूर्ण वाळवावा, सावलीत. किंचित ओल राहिली तरी केशरीचा आणि हिरव्याचा रंग पांढऱ्यावर उतरतो, आणि खादीवर बुरशीचे काळे ठिपके येतात. मग दोघांनी समोरासमोर धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. उरलेला पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा घ्यायचा की मधले चक्र आणि कडेला केशरी-हिरव्याची थोडी किनार तेवढी दिसत राहील. दोन्ही तळहातांवर घेऊन आत न्यायचा. कपाटात त्याच्यावर दुसरे काही ठेवायचे नाही. दोरीही काढून, उन्हात वाळवून, सैल वेटोळे करून त्याच खोलीत खुंटीला लावायची, म्हणजे जानेवारीत ती शोधावी लागत नाही.